रशियन शिकायचंय? मग मराठी घेऊन वर्गात बसा

ओझरच्या आमच्या घरात रशियन अक्षरं माझ्या आधीपासून होती. बाबा मिग विमानांच्या कारखान्यात फिटर. मापकांवर, नळ्यांच्या पट्ट्यांवर, खोक्यांवर सगळीकडे रशियन लिहिलेलं. बाबांना भाषा येत नव्हती, पण अक्षरं लागायची. मी चौथीत असताना त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर त्या अक्षरांत माझं नाव लिहून दाखवलं. बारावीनंतर पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘रानडे’त सर्टिफिकेटला नाव घातलं, ते त्या पानामुळेच. मग डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, एम.ए. आणि मधे दहा महिने मॉस्कोत पुश्किन इन्स्टिट्यूटमध्ये. आता भाषांतरं करते आणि शनिवार-रविवारी नवशिक्यांना शिकवते. विद्यापीठात रशियन घ्यायचं ठरवलेली मुलं जे विचारतात, ते सगळं इथे लिहिते आहे.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं. आपल्याकडे रशियन व्याकरण बहुतेक वेळा इंग्रजीतून समजावतात. त्यामुळे इंग्रजीत नसलेली प्रत्येक गोष्ट विचित्र वाटायला लागते: तीन लिंगं, विभक्ती, क्रियापदाचं लिंगाप्रमाणे बदलणं. हे सगळं मराठीत आहे. तुम्ही ते वयाच्या तिसऱ्या वर्षापासून न चुकता वापरताय.

शिकायचं कुठे

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजेच रानडे. सर्टिफिकेटपासून सुरुवात होते आणि दुसरी पदवी चालू असताना हे करता येतं. माझ्या वर्गात इंजिनिअरिंगची मुलं होती, एक निवृत्त बँक अधिकारीही होते. मुंबईत विद्यापीठाचा रशियन विभाग कलिन्याला आहे. पूर्णवेळ बी.ए. ऑनर्स करायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू, तिथे सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो. हैदराबादच्या इफ्लूमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठातही, रशियन आहे. मुंबईत पेडर रोडवर रशियन हाउस हे रशियाचं सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे भाषेचे वर्ग चालतात आणि शिष्यवृत्तीची चौकशीही तिथेच करावी लागते.

माझं मत सरळ आहे. एक वर्ष इथे शिका, मगच रशियाला जायचं की नाही ते ठरवा. अक्षरओळखही नसताना थेट तिकडे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिला हिवाळा त्यांना फार जड जातो.

पहिले दोन आठवडे: फक्त अक्षरं

तेहतीस अक्षरं आहेत. दहा स्वर, एकवीस व्यंजनं आणि दोन चिन्हं, ज्यांना स्वतःचा उच्चार नाही. काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात. इंग्रजी पीसारखं दिसतं ते ‘र’, एचसारखं ‘न’, सीसारखं ‘स’, बीसारखं ‘व’. पहिल्या आठवड्यात ‘रेस्तरान’ची पाटी हमखास ‘पेक्टोपा’ अशी वाचली जाते.

छापील अक्षरांवर थांबू नका. रशियात हाताने लिहिताना अक्षरं एकमेकांना जोडूनच लिहितात, फळ्यावरही तसंच. त्या वळणात ‘त’ इंग्रजी एमसारखा, ‘द’ जीसारखा, ‘इ’ यूसारखा दिसतो आणि ‘ष’ व ‘ल’ शेजारी आले की नुसत्या लाटा. मोडी पाहिली असेल तर अंदाज येईल: हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेलं वळण. आडव्या-तिरप्या रेघांची वही घ्या आणि रोज दोन पानं गिरवा. मी आजही विद्यार्थ्यांकडून हे करून घेते, कारण दोन महिन्यांनी फळ्यावरचं वाचता आलं नाही की मूल मागे पडतं आणि लाजेने सांगत नाही.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय दोन आठवड्यांत सोडा. या लेखात मी तसं लिहिते आहे, ते केवळ वाचणाऱ्याला अजून अक्षरं येत नसतील म्हणून. ‘ओन बिल’ म्हणजे ‘तो होता’ आणि ‘ओन बिल’ म्हणजे ‘तो मारत होता’. रशियनमध्ये हे दोन वेगळे स्वर आहेत, देवनागरीत दोन्ही एकच. पहिल्या ‘बिल’मधला स्वर आपल्याकडे नाही. ‘इ’ म्हणता म्हणता ओठ न हलवता जीभ मागे ओढा; आरशासमोर आठवडाभर केलं की जमतं.

उच्चारांत मराठी माणसाला एक मोठी देणगी आहे. ‘चिंच’ म्हणून पाहा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा. रशियनमध्ये या दोन उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. आमच्या वर्गातल्या हिंदी भाषक मैत्रिणीला दुसऱ्या चसाठी महिना लागला, मला एक मिनिट. तसंच ‘बाजार’मधला ज. आणि ‘ष’: आपण तो श सारखाच म्हणतो, पण शाळेत संस्कृतच्या बाईंनी जीभ वळवून म्हणायला लावला असेल, तर तोच रशियन ‘ष’.

मराठीत आधीच असलेलं

एक वही करा. डावीकडे मराठी, उजवीकडे रशियन, इंग्रजीला त्या वहीत जागा नाही. माझ्या वहीतल्या पहिल्या ओळी अशा होत्या.

‘मला आवडतं’: ‘म्न्ये न्रावित्सा’. आवडणारी गोष्ट कर्ता आणि ‘मला’ चतुर्थीत, अगदी आपल्यासारखं. ‘मला थंडी वाजते’: ‘म्न्ये खोलदना’, इथेही ‘मला’. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’: ‘ऊ मिन्या क्नीगा’, शब्दशः ‘माझ्याकडे पुस्तक’. इंग्रजीतलं ‘हॅव’ मनात आणून हे वाक्य बनवायला गेलात की चुकलात. मराठीतून गेलात तर ते आधीच तयार आहे.

भूतकाळ पाहा. आला, आली, आलं. प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो. दोन्हीकडे ल, दोन्हीकडे तीन लिंगं. मी हे पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वही घेऊन थेट ओझरला फोन लावला होता. एकच सावधगिरी: ‘त्याने पोळी खाल्ली’ असं आपण म्हणतो तेव्हा क्रियापद पोळीच्या मागे जातं. रशियनमध्ये ते कर्त्याची साथ कधीच सोडत नाही. पोळी खाणारा पुरुष असेल तर क्रियापद पुल्लिंगी. मराठी मुलांची ही चूक दुसऱ्या वर्षापर्यंत टिकते.

विभक्ती सहा आहेत. तक्ता पाठ करून कुणालाही रशियन आलेलं नाही, पण अर्थ मराठीतूनच लावा. पुस्तक, पुस्तकाचं, पुस्तकाला, पुस्तकाने, पुस्तकाविषयी: क्नीगा, क्नीगि, क्नीग्ये, क्नीगय, अ क्नीग्ये. ‘व मस्क्व्ये’ म्हणजे ‘मॉस्कोत’ आणि ‘व मस्क्वू’ म्हणजे ‘मॉस्कोला’. शब्दयोगी अव्यय तेच, प्रत्ययाने अर्थ बदलतो. ‘शाळेत’ आणि ‘शाळेला’ यांत गोंधळ होतो का तुमचा? मग इथेही व्हायला नको.

सगळ्यात सुंदर साम्य द्वितीयेत आहे. आपण ‘टेबल पाहतो’ म्हणतो, पण ‘विद्यार्थ्याला पाहतो’. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला आहे. रशियनमध्ये पुल्लिंगी नामांचं नेमकं हेच होतं: ‘वीझु स्तोल’, पण ‘वीझु स्तुद्येन्ता’. आमच्या पाठ्यपुस्तकात या नियमावर इंग्रजीत दीड पान होतं. मराठीत दोन वाक्यं पुरतात.

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. द्व्येर म्हणजे दार, अगोन्य म्हणजे अग्नी, म्योद म्हणजे मध, न्येबा म्हणजे नभ. नात्यांत तर फारच: स्नखा म्हणजे सून, द्येविर म्हणजे दीर, व्दवा म्हणजे विधवा. यावरून ‘रशियन संस्कृतातून निघाली’ असे निरोप फिरत असतात, तसं नाही. दोन्ही भाषा एका जुन्या कुळातल्या, दूरच्या बहिणी आहेत.

जिथे मराठी पुरत नाही

आघात. रशियन शब्दात एका अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्यावर, जोर येतो, तो कुठे येईल ते लिहिण्यात दिसत नाही आणि जोर नसलेला ‘ओ’ जवळजवळ ‘अ’ होतो. दूध लिहितात ‘मोलोको’, म्हणतात ‘मलाको’. ‘जामक’ म्हणजे किल्ला, ‘जमोक’ म्हणजे कुलूप, अक्षरं तीच. म्हणून नवा शब्द आघाताची खूण केल्याशिवाय वहीत उतरवायचाच नाही. शंका आली तर ‘ग्रामोता डॉट रू’ या संकेतस्थळावरचे कोश पाहा, तिथे खूण असते. आणखी एक: दोन टिंबांचं ‘यो’ हे अक्षर वर्तमानपत्रात टिंबं न देताच छापतात, ते ‘ये’सारखंच दिसतं. ओळखायचं आपण.

प्रश्नाचा सूर. ‘ही आन्ना आहे’ आणि ‘ही आन्ना आहे का?’ यांत रशियनमध्ये शब्द बदलत नाहीत. ‘का’ नाही, शब्दक्रमही तोच. फक्त आघाताच्या अवयवावर आवाज एकदम चढतो आणि लगेच उतरतो. आपण वाक्याच्या शेवटी चढवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला प्रश्न विचारलाय हे कळतच नाही. येलेना ब्रिजगुनोवा या मॉस्को विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी रशियन सुरांचे सात नमुने ठरवून दिलेत. उच्चाराच्या तासाला ‘इ-का एक’, ‘इ-का तीन’ असं म्हणतात ते हेच. हा तास कंटाळवाणा वाटतो, बुडवू नका.

आणि क्रियापदं. प्रत्येक क्रियेला बहुधा दोन क्रियापदं: एक चालू राहण्याचं, एक पूर्ण होण्याचं. ‘पिसात्य’ आणि ‘नपिसात्य’. ‘पत्र लिहीत होते’ आणि ‘पत्र लिहून टाकलं’ हा फरक मनात धरला की वाट दिसते, पण ‘टाकणे’, ‘काढणे’, ‘ठेवणे’ यांच्याशी ते नेहमी जुळत नाही. जोड्या पाठच कराव्या लागतात, संध्याकाळी परवचा म्हणतात तशा मोठ्याने.

जाण्या-येण्याची क्रियापदं हा वेगळाच डोंगर आहे. पायी जाणं वेगळं, वाहनाने वेगळं, एकदा जाणं वेगळं, येऊन-जाऊन असणं वेगळं, आणि त्यावर उपसर्ग. मॉस्कोत पहिल्या महिन्यात मला एका कार्यालयातून कागदावर सही हवी होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘अना उश्ला.’ मला वाटलं बाहेर गेल्यात, येतील. मी बाकावर दीड तास बसून राहिले, दिवे मालवायला लागले तेव्हा उठले. ‘वीश्ला’ म्हणाल्या असत्या तर अर्थ झाला असता ‘जरा बाहेर गेल्यात’. ‘उश्ला’ म्हणजे निघून गेल्या, आज संपलं. तो फरक त्या बाकावर जो शिकले तो पुन्हा विसरले नाही. तुम्ही तो आधीच शिका: घरातला माणूस स्वयंपाकघरात गेला, गॅलरीत आला, दुकानात जाऊन आला, हे दिवसभर मनातल्या मनात रशियनमध्ये म्हणत राहा. डझनभर उपसर्ग असेच बसतात.

आकड्यांचंही तसंच. अदीन रूब्ल, द्वा रुब्ल्या, प्यात रुब्ल्येय. दोन, तीन, चारला एक रूप, पाचपासून वीसपर्यंत दुसरं आणि एकवीसला पुन्हा एकवचन. भाजी घेताना प्रत्येक किंमत रूबलमध्ये म्हणून पाहा. मंडईत माझा हा पाठ झाला.

रोज काय करायचं

रोज दीड तास, रविवारी सुट्टी नाही. आठवड्यातून एकदा सहा तास बसून ही भाषा येत नाही. अर्धा तास ऐकायचं आणि त्याच सुरात मागे म्हणायचं, अर्धा तास हाताने लिहायचं, उरलेल्यात वाचन. महिन्याला एक कविता पाठ करा. रशियन शिक्षक कविता म्हणायला लावतात आणि त्यांना ती मनापासून आवडते. पुश्किनच्या आठ ओळी आघातासह पाठ असल्या की त्यांतले दहा-पंधरा शब्द कधी चुकत नाहीत.

टंकलेखन रशियन कळफलकावरच शिका. इंग्रजी आवाजांवर बेतलेला सोपा कळफलक मिळतो, पण तिकडच्या संगणकांवर तो नसतो. शब्दाचा वापर पाहायला रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे खऱ्या मजकुरांतल्या वाक्यांचा साठा, फुकट उपलब्ध आहे. एखादं क्रियापद कोणत्या विभक्तीला घेतं हे कोशापेक्षा तिथल्या शंभर वाक्यांत चांगलं कळतं.

बोलायला कुणी नाही, अशी तक्रार ऐकते. हिवाळ्यात गोव्यात मोरजीला चार दिवस जाऊन या. तिथे हॉटेलांच्या पाट्या आणि मेनूसुद्धा रशियनमध्ये असतात. माझी पहिली खरीखुरी अर्ध्या तासाची रशियन बातचीत तिथल्या किनाऱ्यावर एका आजींशी झाली, नारळ कसा फोडायचा यावर.

परीक्षा द्यायची तर तोर्फल, परदेशी लोकांसाठीची रशियन भाषेची परीक्षा. पातळ्या सहा: प्राथमिक, पायाभूत आणि मग पहिली ते चौथी. प्रत्येकीत व्याकरण-शब्दसंग्रह, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा पाच चाचण्या. रशियन विद्यापीठात रशियनमधून पदवीला बसायचं तर पहिली पातळी लागते. ती नसेल तर आधी साधारण वर्षभर ‘पदफाक’, म्हणजे परदेशी मुलांसाठीचा पूर्वतयारी विभाग.

जायचं ठरलं तर

रशियन सरकारचा कोटा असतो. त्यात फी माफ, वसतिगृहात जागा आणि थोडी शिष्यवृत्ती. ती शिष्यवृत्ती जेवणालाही पुरत नाही, हे घरी आधीच सांगा. विमानभाडं, विमा, व्हिसा आपल्या खर्चाने. अर्ज ऑनलाइन होतो, रशियन हाउस मार्गदर्शन करतं आणि अर्जाला पैसे पडत नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याकडून एका एजंटाने ‘कोट्याची जागा मिळवून देतो’ म्हणून मोठी रक्कम घेतली, आणि शेवटी त्याला दिली ती फी भरायची जागा. त्याच्या वडिलांनी त्यासाठी शेताचा तुकडा गहाण ठेवला होता. कृपा करून एजंटाकडे जाऊ नका. फॉर्म तुम्हाला भरता येतो.

कागदपत्रं अशी: गुणपत्रिकांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का, त्यांचं नोटरीकडून प्रमाणित रशियन भाषांतर, आरोग्य प्रमाणपत्र, एचआयव्ही चाचणीचा अहवाल. भाषांतरात नावाचं लेखन सगळीकडे एकसारखं आहे ना, हे स्वतः अक्षर अन् अक्षर तपासा. पासपोर्टवर एक आणि भाषांतरात दुसरं झालं, तर पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं. 2022 च्या मार्चपासून भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत, तेव्हा पहिल्या महिन्याचे पैसे रोख न्या. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही तेव्हापासून तिथे बंद आहेत; घरच्यांशी बोलायची सोय आधी पक्की करा.

आणि युद्ध चालू आहे, हे विसरून चालणार नाही. नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकल्याची प्रकरणं घडली आहेत, भारत सरकारने त्याबद्दल सावध केलं आहे. अर्धवेळ काम म्हणून कुणीही कागद पुढे केला, तर पूर्ण वाचून समजल्याशिवाय सही करायची नाही. भाषा शिकायला गेलेल्या माणसाने तरी हे पाळावंच.

कोट घ्या तो तिकडेच, आणि त्याच्या मानेपाशी आतून टांगायचा बंद आहे का ते पाहा. विद्यापीठात, नाट्यगृहात, ग्रंथालयात कोट दारातच ‘गर्दिरोब’मध्ये द्यावा लागतो, बदल्यात क्रमांकाचा बिल्ला मिळतो. माझ्या पुण्याहून नेलेल्या कोटाला बंद नव्हता. एका नाट्यगृहातल्या गर्दिरोबच्या आजींनी तो हातात घेतला, उलटा केला, माझ्याकडे रागाने पाहिलं. नाटक संपल्यावर कोट परत मिळाला तेव्हा मानेपाशी काळ्या फितीचा छोटा बंद शिवलेला होता. मी ‘स्पसीबा’ म्हणेपर्यंत त्या पुढच्या माणसाचा बिल्ला घेत होत्या. तो कोट मी अजून ठेवला आहे.

शाकाहारी असाल तर ‘बिझ म्यासा’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ एवढं पुरत नाही, कारण मासे किंवा मांसाचं पाणी त्यात असू शकतं. ‘पोस्तनये’ हा शब्द शिका. ख्रिस्ती उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मात्र उपवासाच्या काही दिवसांत मासा चालतो, म्हणून तेवढं विचारून घ्या. दुकानात ‘मान्का’ मागा: तो आपला रवा. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मी त्याचा उपमा केला, तेव्हा दारात चार देशांची मुलं जमली. केफिर हे आंबवलेलं दूध ताकाची तहान भागवतं.

तिथला वर्ग

तासाला ‘पारा’ म्हणतात, म्हणजे जोडी: पंचेचाळीस मिनिटांचे दोन तास सलग, नव्वद मिनिटं. वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं. शिक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायचं नाही, त्यांना त्यांच्या नावाने आणि वडिलांच्या नावाने हाक मारायची. लेखक चेखव म्हणजे अन्तोन पाव्लविच, पावेलचा मुलगा. कवयित्री अख्मातवा म्हणजे आन्ना अंद्रेयेव्ना, अंद्रेईची मुलगी. युरोपातल्या इतर मुलांना हे समजावून घ्यावं लागलं. आपल्याकडे शाळेच्या पहिल्या हजेरीपासून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असंच चालत आलंय, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. तू आणि तुम्ही हेही तसंच: ‘ती’ आणि ‘वी’. शिक्षकांना चुकूनही ‘ती’ नको.

परीक्षा बहुतेक तोंडी. टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या उलट्या मांडलेल्या असतात, त्यांना ‘बिल्येत’ म्हणतात. एक उचलायची, त्यावरचे दोन-तीन प्रश्न घेऊन थोडा वेळ तयारी करायची, मग समोर बसून बोलायचं. घोकून गेलात तर दुसऱ्याच उपप्रश्नाला अडकाल, म्हणून प्रत्येक प्रश्नावर पाच मिनिटं स्वतःच्या वाक्यांत मोठ्याने बोलून पाहा. दाराबाहेर मित्र ‘नि पूखा नि पिरा’ म्हणतील, शब्दशः ‘ना मऊ लव, ना पक्ष्याचं पीस’. ही जुनी शिकाऱ्यांची शुभेच्छा आहे. उत्तर ‘क चोर्तु’, सैतानाकडे जा. इथे धन्यवाद म्हणायचं नसतं.

साहित्य वाचण्याआधी काही सालं मनात हवीत: 988 चा ख्रिस्ती धर्मस्वीकार, 1703 ला पीटर्सबर्गची उभारणी, 1812 चं नेपोलियनचं आक्रमण, 1825 चा झारविरुद्धचा उठाव, 1861 ची भूदासमुक्ती (जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची सुटका), 1917 ची क्रांती, 1941 ते 45 चं जर्मनीशी युद्ध, 1991 चं सोव्हिएत संघाचं विघटन. चेखवच्या शेवटच्या नाटकात चेरीची बाग विकत घेणारा माणूस त्याच जहागिरीवरच्या भूदासाचा मुलगा आहे. 1861 माहीत नसेल, तर त्याच्या त्या रात्रीच्या बोलण्यातला आनंद आणि वेदना, दोन्ही हातातून निसटतात. सुरुवात चेखवच्या दोन-तीन पानी गोष्टींनी करा, जाड कादंबऱ्या तिसऱ्या वर्षी.

आणि संस्कृतीवरचा प्रबंध लिहायची वेळ आली की आपल्या गावाकडून विषय घ्या. अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले, त्यावर त्यांनी लिहिलं. 2022 मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. मी निवडला तो अफनासी निकीतिन, त्व्येर गावचा पंधराव्या शतकातला व्यापारी, जो घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि जुन्नरला पावसाळ्यात राहिला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाही काढून घेतला होता. त्याच्या प्रवासवर्णनाची जुनी रशियन कठीण आहे, पण मी जाण्याआधी जुन्नरला जाऊन शिवनेरीच्या पायथ्याशी ती पानं वाचली होती.

तोंडी परीक्षेत बाईंनी त्याच पानावर बोट ठेवलं. निकीतिन लिहितो की तिथे हिवाळा सुरू झाला आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. ‘हिवाळ्यात चिखल? बर्फ का नाही?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं की हा आमचा पावसाळा. चार महिने आमच्याकडेही मोजून धरतात, त्यांना चातुर्मास म्हणतात, जुन्या काळी त्यात प्रवास थांबायचा. त्याला शेतं, वाटा, व्यापार सगळं थांबलेलं दिसलं आणि त्याच्या भाषेत थांबलेल्या ऋतूला एकच शब्द होता, ‘झिमा’. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, चातुर्मास हा शब्द फळ्यावर लिहा, तुमच्या अक्षरांत.